ड्रॅगनला कड्यावर बसवताना

माझ्या टेबलावरचा ड्रॅगन नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत २६ सेंटिमीटर आहे आणि पंखांचा पसारा ३१. एका मित्राने रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर अकरा तुकड्यांत छापून दिला. जोडून वजन केलं तर ४१० ग्रॅम भरलं. एवढं धूड साध्या काळ्या चकतीवर उभं करता येत नाही, आणि केलं तरी दुकानातल्या खेळण्यासारखं दिसतं. त्याला बसायला जागा लागते, तिलाच बेस म्हणतात. ती मी कशी बनवली ते सांगते.

मी पुण्यात एका डेंटल लॅबमध्ये काम करते. कवळ्या, कॅप, ब्रिज. त्यामुळे काही सामान माझ्या हाताशी असतं जे तुमच्याकडे नसेल, तिथे दुसरा मार्ग सांगेन. मूळची साताऱ्याची, तेव्हा माझा पहिला बेस म्हणजे दिवाळीतला किल्ला. विटांवर ओलं पोतं, पोत्यावर मातीचा लेप, वर पेरलेले अळीव, आणि दरवाजाच्या दुप्पट उंचीचे मावळे. ते मावळे आमच्यापैकी कुणालाच कधी खटकले नाहीत. इथे मात्र पहिल्यांदा तेच बघायचं.

माझ्याकडच्या माणसांच्या मिनी, म्हणजे छोट्या मूर्ती, ३२ मिलिमीटरच्या आहेत, म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत ३२. हिशोब ढोबळ धरा: खरा एक मीटर म्हणजे बेसवर दोन सेंटिमीटर. गडावरची फूटभर उंच पायरी सहा मिलिमीटरची होते. तीन मीटरचं पाण्याचं टाकं सहा सेंटिमीटरचं. बोटाएवढं पान तिथे दीड मिलिमीटरचंही नसतं. हा हिशोब कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा, नाहीतर हात आपोआप सगळं मोठं करत जातो.

तो इथे का बसलाय?

बहुतेक जण तीन महिने ड्रॅगन रंगवतात आणि शेवटच्या रात्री खाली दगड चिकटवतात. मीही तसं केलंय. मग कितीही सुंदर रंगवलेला प्राणी बघणाऱ्याला उपरा वाटतो. मी आता बेस आधी करते, आणि त्याहीआधी एक प्रश्न विचारते: एवढ्या मोठ्या जनावराला नेमकी हीच जागा का हवी? खजिना, सांगाडे, कवट्या हे उत्तर इतक्यांनी देऊन झालंय की मला आता त्याचा कंटाळा येतो. माझ्या ड्रॅगनची मान खाली झुकलेली होती आणि तोंड किंचित उघडं. डिझाइन विकणाऱ्याच्या चित्रात तो आग ओकत होता. मला तो तहानलेला दिसला.

सह्याद्रीतल्या गडावर उन्हाळ्यात जो कुणी चढलाय त्याला कातळात खोदलेलं टाकं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. माथ्यावर पाणी तिथेच असतं. तर ठरलं: कड्याच्या टोकावर एक टाकं, खालून वर येणाऱ्या पायऱ्या, आणि टाक्यावर वाकलेला ड्रॅगन.

पुढचं काम शाडूत. गणपतीनंतर उरलेली शाडू मी डब्यात ओली ठेवते. एका संध्याकाळी तिचा ओबडधोबड कडा करायचा, त्यावर न रंगवलेला ड्रॅगन टेकवायचा आणि फिरून फिरून बघायचं. दोन गोष्टी बघते. पहिली तोल. पाय आणि शेपटी जिथे टेकतात त्या तीन जागांच्या मधोमध वजन पडतंय का? माझा ड्रॅगन पुढे कलत होता, म्हणून उजव्या पायाखालचा दगड सेंटिमीटरभर पुढे काढला. दुसरी नजर. बघणाऱ्याचं लक्ष आधी डोक्याकडे जायला हवं, मग मानेवरून खाली पाण्याकडे. फोनवर फोटो काढून कृष्णधवल करा. नजर कुठे अडते ते लगेच कळतं. माझ्या पहिल्या मांडणीत ती पायऱ्यांवर अडत होती, कारण पायऱ्या समोर होत्या. त्या डाव्या कुशीत नेल्या.

आणि कड्याखालचा लाकडी पाट लहान ठेवा. मोठ्या पाटावर ड्रॅगन हरवतो. मी १६ बाय १६ सेंटिमीटर धरला, पंख दोन्ही बाजूंनी बाहेर येऊ दिले आणि कड्याला १४ सेंटिमीटर उंची दिली.

पाट आणि सळ्या

पाट म्हणजे सुताराकडचा सागवानी तुकडा, तीन सेंटिमीटर जाड. पॉलिश आधीच करून घ्या आणि काम संपेपर्यंत कडांना मास्किंग टेप लावून ठेवा. खाली चार रबरी पाय.

सळ्यांसाठी मी सायकलच्या दुकानातून स्पोक आणते. साधारण दोन मिलिमीटर जाडीचा, ताठ, गंजत नाही आणि दुकानदार जुना फुकट देतो. ड्रॅगनच्या दोन्ही पायांत हातड्रिलने बारा मिलिमीटर खोल भोक पाडा. हळू. प्रिंटचं रेझिन काचेसारखं तडकतं. मी एकदा घाईत पायाचा घोटाच दुभंगला आणि मग आठवडाभर तो पाय एम-सीलने परत घडवत बसले. आधी एक मिलिमीटरचं भोक, मग दोनचं. भुशाची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, मास्क लावा. सळी पायात दोन भागांच्या इपॉक्सीने बसवायची. झटपट चिकटणारा गोंद धक्का लागला की सुटतो, आणि ४०० ग्रॅमच्या जनावराला धक्का कधीतरी लागणारच.

सळ्या कड्याच्या पोटातून थेट लाकडापर्यंत जायला हव्यात. नुसत्या फोममध्ये खोचल्या तर वर्षभरात भोक सैल होतं.

कड्याचं पोट

आतला गाभा एक्सपीएस फोमचा. छताला उष्णतारोधक म्हणून लावतात तो, गुलाबी नाहीतर निळ्या रंगाचा, दाणे नसलेला. इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे तुकडे पडलेले असतात. थर्माकोल नको. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा आमच्या आळीत मखरांचे तुकडे ढिगाने मिळत होते, मी हौसेने गोळा केले आणि पहिला कडा त्यातच केला. वर स्प्रेचा डबा फवारला. पाच मिनिटांत कडा खाली बसला, म्हणजे अक्षरशः विरघळला. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, आणि एक्सपीएसही खातं. फरक एवढाच की एक्सपीएस नीट कापला जातो आणि त्याचे दाणे घरभर होत नाहीत.

थर एकमेकांवर फेविकॉलने चिकटवा, मध्ये टूथपिक खोचा आणि दोन दिवस विसरून जा. फोममधून हवा जात नाही, त्यामुळे मधला फेविकॉल फार सावकाश वाळतो. मग कटरने ढोबळ आकार काढा. गाभा अंतिम कड्यापेक्षा सात-आठ मिलिमीटर आत ठेवायचा, कारण वरून दगडाची कातडी चढणार आहे.

कातळ

इथे मी रेंगाळणार आहे, कारण बेस फसतो तो इथेच.

परदेशी पद्धतीत लोक झाडाची साल चिकटवून तिला खडक म्हणतात. सालीच्या रेघा उभ्या नाहीतर तिरक्या जातात, आणि त्यांच्याकडच्या काही डोंगरांना ते शोभतंही. आपला डोंगर तसा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, त्यांचे थर आडवे आहेत. घट्ट बेसॉल्टचा थर उभा कडा होऊन राहतो. सच्छिद्र, मऊ थर झिजून त्याची उतरण होते आणि तिच्यावर गवत धरतं. परत कडा, परत उतरण. दुरून डोंगर पायऱ्यांसारखा दिसतो तो यामुळे. दख्खनच्या या खडकाला ट्रॅप म्हणतात तेही स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून. दोन लोटांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा असतो, घाटरस्त्याच्या कापणीत तो छान दिसतो.

तेव्हा १४ सेंटिमीटरच्या कड्यात मी तीन थर केले. तळाला पाच सेंटिमीटर उभा कातळ, मग तीन सेंटिमीटरची ढासळती उतरण, तिच्या माथ्यावर अर्ध्या सेंटिमीटरचा लाल पट्टा, आणि वर पुन्हा उभा कातळ. सगळे थर चारही बाजूंनी एकाच पातळीत फिरले पाहिजेत. फोनमधलं पातळी बघायचं साधन वापरा, लाजू नका.

कातडीसाठी साचे मी खऱ्या दगडावरून घेते. दातांचा साचा घेतात ती अल्जिनेट पावडर गार पाण्यात कालवायची, दोन-तीन मिनिटांत ती घट्ट होते. गार पाणी यासाठी की थोडा जास्त वेळ मिळतो. दगड ओला करून ठेवा, त्यावर बोटभर जाड थापा, घट्ट झालं की सोलून काढा. दगड निवडताना भरीव मोठा धोंडा नको, बारीक भेगांचा, तुटका हवा. मुठीएवढ्या तुकड्यावरची भेग बेसवर कड्याची भेग होते. माझ्याकडे कात्रजच्या बाजूला रस्त्याकडेला सापडलेले तीन तुकडे आहेत, चार वर्षं तेच वापरतेय. दरवेळी वेगळ्या कोनातून साचा घेतला की कुणाच्या लक्षात येत नाही.

अल्जिनेट वाळलं की आकसतं, म्हणून साचा लगेच भरायचा. मी डेंटल स्टोन, म्हणजे प्लास्टरचाच कडक प्रकार, वापरते: १०० ग्रॅमला साधारण ३० मिलिलिटर पाणी. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही. साचा टेबलावर ठकठक आपटत भरा, म्हणजे बुडबुडे वर येतात. जाडी पाच मिलिमीटर पुरे. तासाभराने काढा. तुमच्याकडे हे सामान नसेल तर प्लास्टर ऑफ पॅरिस चालेल, त्याला पाणी जास्त लागतं आणि कडा लवकर झडतात. साच्याचीच कटकट नको असेल तर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळलेला गोळा फोमवर दाबून फिरवा. लांबून बघायला तेही पुरेसं आहे, जवळून मात्र फोम फोमच दिसतो.

साच्यातून निघालेल्या या दगडी चकत्या हाताने मोडा. कापू नका. मोडलेली कड खरी दिसते. फेविकॉलने गाभ्यावर बसवत जा आणि सांधे त्याच डेंटल स्टोनच्या पातळ घोळाने बुजवा, ओला असतानाच मेण कोरायच्या कोरणीने शेजारची भेग पुढे ओढा. सांधा लपतो. ही कोरणी म्हणजे माझ्या धंद्याचं हत्यार, पण जुना टूथब्रश आणि दाभण यांनीही जमतं.

पायऱ्या मी वरच्या थरात कोरल्या. नाशिकच्या हरिहर गडाच्या पायऱ्या पाहिल्या असतील तर आठवा: कातळातच खोदलेल्या, खड्या, आणि हात अडकवायला बाजूला खोबण्या. मी नऊ पायऱ्या आणि सहा खोबण्या केल्या. प्रत्येक पायरीचा मधला भाग सॅंडपेपरने किंचित खोलगट केला, कारण शतकानुशतकं माणसं मधूनच चढतात. टाक्याच्या भिंती सरळ ठेवल्या, वर छिन्नीच्या तिरक्या रेघा. निसर्गाच्या खडकात माणसाचा हात कुठे लागलाय ते अशाने वेगळं कळतं.

रंग

आधी अख्ख्या कड्याला काळा अॅक्रिलिक आणि फेविकॉल एकत्र करून ब्रशने. उघडा राहिलेला फोम याने बंद होतो. हे वाळल्यावरच बाकीचं.

बेसॉल्ट नुसता राखाडी असतो हा गैरसमज. ताजा फोडलेला निळसर काळा असतो. ऊनपावसात राहिलेला मात्र तपकिरीकडे झुकतो, कारण त्यातलं लोह गंजतं. त्यावर पावसाच्या ओघळांचे काळे पट्टे, दगडफुलांचे फिके ठिपके. तर काळ्यावर आधी काळपट तपकिरी, सगळीकडे. मग वरून उजेड पडतो असं धरून फक्त वरच्या बाजूंना करडा-तपकिरी, ब्रश जवळजवळ कोरडा करून. मग काळपट वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, भेगांमध्ये. तो वाळल्यावर पुन्हा कोरडा ब्रश, या वेळी फिका आणि अगदी कडांपुरता. शेवटी उभ्या कातळावर वरून खाली काळे ओघळ, पाण्याने पातळ करून, सरळ नाही, खडकाच्या उंचसखलानुसार वाट काढत. लाल पट्ट्याला गेरू. किराणा दुकानातला, कुंड्यांना लावतात तो. त्याची पूड कोरडीच ब्रशने भरा आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडा, चिकटून बसते. कुठे तरी खडकाच्या भोकात पांढरा ठिपका द्या, गारगोटीचा. दोन-तीनच, हावरेपणा नको.

आता या बेसमधली माझी आवडती गोष्ट. ड्रॅगनच्या नख्या जिथे रुतल्यात तिथला कातळ मी कोरणीने उकरला आणि ती जागा तपकिरी केलीच नाही. ताज्या फोडलेल्या दगडाचा निळसर काळा ठेवला, खाली उतरणीवर त्याच रंगाच्या चार कपच्या टाकल्या. म्हणजे हा प्राणी इथे आत्ता उतरलाय, काल नाही. शेपटीजवळ असं काही केलं नाही, तिथे वजन कमी. आणि उलट्या बाजूने गेरूची पूड ड्रॅगनच्या पायांवर, पोटावर हलकी झटकली. जागेचा रंग जनावराला लागला पाहिजे. ड्रॅगन मी याच टप्प्यावर रंगवते, बेस शेजारी ठेवून, म्हणजे पोटाखालच्या सावलीत कड्याचा तपकिरी मिसळता येतो.

पाणी

टाकं आतून गडद शेवाळी रंगवा, तळ जवळजवळ काळा. मग आतून वार्निशचे दोन हात. हे टाळू नका. माझ्या टाक्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं होतं, रात्रभर रेझिन झिरपून पाटाखालच्या वर्तमानपत्रापर्यंत गेलं. आजही माझ्या एका जुन्या बेसच्या तळाला राशिभविष्य वाचता येतं.

दोन भागांचं इपॉक्सी रेझिन डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजून. अंदाजाने ओतलं तर ते आयुष्यभर चिकट राहतं. हातमोजे घाला, खिडकी उघडा. सावकाश ढवळा. हिरव्या रंगाचा एक थेंब काडीच्या टोकाने, बास. एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त ओतू नका, घट्ट होताना ते तापतं आणि जाड थर तडकू शकतो. मी तीन दिवसांत तीन थर ओतले, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये दोन वाळकी पानं टाकली. बुडबुडे आले तर लायटरची ज्योत वरून झरकन फिरवा, थांबायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका. दमट हवेत वरचा थर धुरकट आणि तेलकट होतो. मी दसऱ्यानंतर करते.

हिरवाईबद्दल थोडक्यात. गवतासाठी नारळाची शेंडी पिंजून, आखूड कापून, पिवळट रंगवून झुबक्यांत लावायची. फक्त उतरणीवर आणि भेगांत, उभ्या कातळावर नाही. पालापाचोळ्यासाठी कसुरी मेथी चुरडून, वरून पातळ फेविकॉल. चहाचा चोथा माती म्हणून चांगला दिसतो, पण तव्यावर पूर्ण कोरडा करा. मी एकदा अर्धा ओला लावला आणि श्रावणात बेसवर खरोखरची पांढरी बुरशी उगवली. चार दिवस वाटलं, किती छान दिसतंय.

सगळं वाळल्यावर ड्रॅगन सळ्यांवर बसवा. मी त्याला खाली चिकटवत नाही. सळ्या लाकडात घट्ट बसतात तेवढं पुरतं, आणि प्रवासात ड्रॅगन वेगळा, कडा वेगळा नेता येतो. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झाडायची, फुंकर मारायची नाही, थुंकीचे शिंतोडे पाण्यावर दिसतात.

एक गोष्ट राहिली. टाक्याच्या काठावर मी ३२ मिलिमीटरची एक बाई उभी केलीय, कमरेवर कळशी, एम-सीलची, पाच मिलिमीटरची. तिच्यामुळे ड्रॅगन केवढा आहे ते कळतं. ती पाण्याकडे बघतेय, ड्रॅगनकडे तिची पाठ आहे. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला हे अजिबात पटलेलं नाही. "मावशी, तिला दिसत नाहीये तो!" मी तिला चिकटवलेलं नाही, नुसती टाचणीवर उभी आहे. तो आला की तिला ड्रॅगनकडे वळवून ठेवतो, तो गेला की मी परत पाण्याकडे वळवते.